काळं पडलेलं छप्पर

आंजी (मोठी) हे आमचं गाव वर्ध्याहून आर्वीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पत्ता लिहिताना कंसातलं ‘मोठी’ सोडायचं नाही, ही सवय इथे शाळेच्या दाखल्यापासून लागते. या कंसाने मला एकदा चांगलंच रडवलं, ते पुढे येईलच.

मी घरांचे नकाशे काढते. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिल केलं, काही वर्षं वर्ध्यात एका इंजिनिअरकडे काढली आणि मग घरातल्याच समोरच्या खोलीत टेबल टाकून लॅपटॉप मांडला. पूर्वी लोकांना कागदावरचा नकाशा पुरायचा. आता घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न येतो, “थ्रीडी दाखवता का?” मोबाइलवर दुनियाभरचे बंगले पाहून झालेले असतात, मग माझ्या निळ्या रेघांत त्यांना घर दिसत नाही. म्हणून मी फुकट मिळणारं एक घर-आखणीचं सॉफ्टवेअर शिकले. त्यात भिंत उभी करायची आणि तिच्यावर विटेचा, चुन्याचा, फरशीचा फोटो चिकटवायचा, गणपतीच्या मखराला चकाकता कागद लावतो तसा. त्या फोटोला म्हणायचं टेक्स्चर.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एक काकाजी आले. मागचं मातीचं घर पाडून तिथे स्लॅबचं घर बांधायचं होतं, पण पुढची दुपाखी छपरी कवेलूंसकट, म्हणजे देशी कौलांसकट, तशीच ठेवायची होती. “बुढी म्हणते, छपरी पाडली त नव्या घरात पाय ठेवत नाही,” ते म्हणाले. “तिले एकदा दाखवून दे बेटा, मंग ती सही करते.” मी हो म्हटलं. भिंती, दारं, ओटा, तुळशीवृंदावन, सगळं दोन दिवसांत उभं राहिलं. छपरीचं छप्पर तेवढं पडद्यावर काळं कुळकुळीत आलं. ते लाल व्हायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आणि नंतरच्या कामांत जे हाती लागलं, ते आकडे टाकून लिहिते आहे.

१. सॉफ्टवेअर काढून परत टाकायची घाई करू नये.

पहिल्या रात्री मी तेच केलं. प्रोग्राम उडवला, मोबाइलच्या डेटावर परत उतरवला, फाइल उघडली. छप्पर काळंच. वर चार महिन्यांत जमवलेला दार-खिडक्यांचा आणि फरशांचा संग्रह जुन्या फोल्डरसोबत मीच पुसून बसले होते. दुसऱ्या रात्री प्रोग्रामची जुनी आवृत्ती टाकून पाहिली. तेच. बिघाड माझ्या फाइलीत होता आणि जिथे फाइल जाईल तिथे तिच्या पाठोपाठ जात होता. हे ओळखायला दोन मिनिटं लागतात: नवी कोरी फाइल उघडायची, चार भिंती काढायच्या आणि प्रोग्रामसोबत आलेली तयार वीट त्यांना लावायची. ती वीट नीट दिसली तर प्रोग्राम, ग्राफिक कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर यांना दोष द्यायचं कारण उरत नाही. मी ही चाचणी तिसऱ्या दिवशी केली.

२. ‘टेक्स्चर येत नाही’ एवढ्यावर थांबू नये.

ताप आला म्हटलं की डॉक्टर विचारतो, थंडी वाजून येतो की अंग दुखून? इथेही तसंच आहे. सगळं पांढरं किंवा भडक गुलाबी दिसत असेल तर प्रोग्रामला फोटोच सापडलेला नाही. जवळून ठीक पण लांबून चमचमत असेल तर जवळजवळ एकाच जागी दोन पृष्ठभाग आहेत. फोटो दिसतो पण रबरासारखा ताणलेला, रेघारेघांचा दिसत असेल तर तो चिकटवायची मापं चुकली आहेत. काळं दिसणं सगळ्यात फसवं, कारण काळं दिसायला तीन-चार वेगवेगळी कारणं असू शकतात. माझ्या छपरावर त्यातली दोन एकाच वेळी होती आणि तिसरी भानगड त्यांच्याखाली दडून बसली होती. एक दुरुस्त केली की दुसरी तसंच काळं दाखवायची, आणि मला वाटायचं पहिली दुरुस्ती चुकली. मग मी ती परत उलटवायची.

३. फोल्डरच्या नावात गाव घालू नये. निदान आमचं तरी.

घर-आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये देशी कवेलूंचं छप्पर तयार मिळत नाही, म्हणून ते मी ब्लेंडर नावाच्या थ्रीडी प्रोग्राममध्ये काढलं होतं. तिथून बाहेर काढलं की दोन फाइली मिळतात: ओबीजे फाइलीत आकार असतो, एमटीएल फाइलीत कोणत्या भागावर कोणता फोटो लावायचा ते लिहिलेलं असतं. ही दुसरी फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडते, हे मला आधी माहीतच नव्हतं. उघडली आणि डोळे उघडले. फोटोचा पत्ता ज्या ओळीत हवा तिथे सी ड्राइव्हपासूनचा लांबलचक रस्ता होता. त्या रस्त्यात माझं फोल्डर लागायचं, ‘आंजी (मोठी)’, कंसासकट, मधली जागा सोडून, सवयीप्रमाणे. देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी होती. आणि अशा फाइली वाचणारे पुष्कळ प्रोग्राम नाव पहिल्या रिकाम्या जागेपाशी तोडतात, त्यामुळे ‘मोठी’पर्यंत कोणी पोचतच नव्हतं.

फोटो सापडला नाही की त्याच फाइलीत लिहिलेला साधा रंग लागतो. माझ्या फाइलीत त्या रंगाचे तीन आकडे शून्य, शून्य, शून्य होते. म्हणजे काळा. प्रोग्राम बिचारा सांगितलेलं ऐकत होता.

इलाज: एका घराचं एक फोल्डर, नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा नाही, कंस नाही. सगळे फोटो एमटीएलच्या शेजारी त्याच फोल्डरात ठेवायचे आणि ओळीत नुसतं फोटोचं नाव ठेवायचं, रस्ता पुसायचा. मग फोल्डर पेनड्राइव्हवर टाका नाहीतर दुसऱ्या लॅपटॉपवर न्या, फोटो हरवत नाही. पुढचं पाखं लाल झालं. मी एकटीच खोलीत टाळी वाजवली. मग घर फिरवून पाहिलं, मागचं पाखं काळंच होतं.

४. फाइलीच्या शेपटावर विश्वास ठेवू नये.

हे छपराचं नाही, त्याच घराच्या फरशीचं. काकाजींनी टाइलच्या दुकानातून आलेले फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. नावाच्या शेवटी जेपीजी लिहिलेलं, पण सॉफ्टवेअर म्हणे हा फोटोच नाही. त्यातले दोन मुळात वेबपी होते. कोणीतरी नाव बदलून जेपीजी केलेलं. पोत्यावर ‘तूर’ लिहिलं म्हणून आतल्या सोयाबीनची तूर होत नाही. अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीच्या गिचमिडीत खरी जात दिसते, वेबपी असेल तर तिथे तसं लिहिलेलंच असतं.

तिसरा फोटो खरोखर जेपीजी होता, तरी उघडेना. तो छापखान्याच्या कॅटलॉगमधला निघाला. छपाईसाठीचे फोटो चार शाईंच्या हिशेबात ठेवतात, निळी, गुलाबी, पिवळी, काळी. पडद्याला लागतो लाल-हिरवा-निळा. माझा प्रोग्राम जावावर चालतो आणि जावातला मूळचा जेपीजी वाचणारा भाग चार रंगांची फाइल घेत नाही. तिन्हींना औषध एकच: फोटो जिम्प या फोटो दुरुस्त करायच्या प्रोग्राममध्ये उघडायचा आणि पीएनजी करून बाहेर काढायचा. आता येणारा प्रत्येक फोटो मी आधी जिम्पमधून गाळून घेते, चहा गाळतो तसा.

५. मोटर सगळ्यात शेवटी काढावी.

चौथ्या दिवशी काकाजी पाहायला आले. मी तोंड पाडून बसलेली. कार्ड बदलावं लागेल, नवा लॅपटॉप घ्यावा लागेल, असं काहीबाही सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “बेटा, मोटर बंद पडली त आपण सिद्धी विहिरीतून काढतो का? आंदी डीपीवर डिओ पाहतो. मंग स्टार्टर. मंग केबल. मोटर काढाले चार माणसं लागते, थे शेवटी.”

त्यांना थ्रीडीतलं काही कळत नव्हतं, पण माझी पद्धत त्यांनी तिथेच लावून दिली. ती अशी. बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटींचं एक छोटं चित्र तयार ठेवायचं. बिघडलेल्या जागी आधी ते लावायचं. चौकटी नीट दिसल्या तर आकार बरा आहे, दोष आपल्या फोटोत. चौकटीही काळ्या पडल्या किंवा गायब झाल्या तर फोटो निर्दोष, दोष आकारात. चौकटी ताणलेल्या दिसल्या तर मापात. मग उलटी तपासणी: संशयित फोटो एका साध्या चौकोनी ठोकळ्यावर लावून पाहायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते वहीत लिहायचं. वही कागदाचीच बरी, कारण बिघडलेला प्रोग्राम बंद पडताना त्याच्यासोबत उघड्या नोंदीही जातात.

मागच्या पाख्यावर चौकटी लावल्या, त्याही काळ्या. म्हणजे कवेलूचा फोटो सुटला.

६. उलटी बाजू ओळखता यावी.

संगणकातल्या पृष्ठभागाला सुलटी आणि उलटी बाजू असते, साडीला असते तशी. बहुतेक प्रोग्राम फोटो सुलट्या बाजूलाच मनापासून दाखवतात. उलटी बाजू काळी, करडी किंवा आरपार दिसते. स्केचअपमध्ये ती निळसर करडी असते, म्हणून लगेच नजरेत भरते. ब्लेंडरमध्ये ‘फेस ओरिएंटेशन’ लावलं की सुलटं निळं आणि उलटं लाल दिसतं.

माझं मागचं पाखं पूर्ण लाल दिसलं. कारण माझा आळस. पुढचं पाखं मेहनतीने काढलं होतं आणि मागचं त्याचीच नक्कल आरशासारखी पलटवून केलं होतं. नुसतं पलटवलं की बाजूही पलटतात. तिथे माप पक्कं करायचं, मग सगळं निवडून शिफ्ट आणि एन दाबायचं, की सगळी तोंडं बाहेरच्या बाजूला वळतात. दहा सेकंद लागले.

काही प्रोग्राममध्ये ‘मागची बाजूही दाखवा’ असा टिकमार्कचा चौकोन असतो. तो लावून वेळ निभावते, मीही निभावली आहे. पण मग त्या भागावर उजेड चुकीचा पडतो. सकाळच्या उन्हात सगळं घर उजळलेलं आणि एकच भिंत रुसल्यासारखी अंधारात.

७. दोन वस्तूंना एकच जागा देऊ नये.

दोन्ही पाखी लाल झाली आणि लांबून घर फिरवलं तर छप्पर चमचमायला लागलं. लाल आणि पिवळसर पट्टे एकमेकांत घुसत, हलत, जिवंत असल्यासारखे. जवळ गेलं की शांत. मला वाटलं कार्ड तापलं.

याचं कारण थोडं समजून घेण्यासारखं आहे. कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे, हे संगणक प्रत्येक बिंदूसाठी अंतराचा आकडा ठेवून ठरवतो. त्याला झेड-बफर म्हणतात. एडविन कॅटमल नावाच्या माणसाने १९७४ साली युटा विद्यापीठात लिहिलेल्या प्रबंधात ही युक्ती आहे, आणि वक्र पृष्ठभागावर फोटो चिकटवायची युक्तीही त्याच प्रबंधात आहे. म्हणजे माझा आठ दिवसांचा सगळा ताप एकाच पुस्तकातून निघालेला. तर हे अंतराचे आकडे जवळच्या वस्तूंसाठी बारीक असतात आणि लांब जावं तसे भरड होत जातात. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून असले की लांबून दोघांचा आकडा सारखा येतो, आणि कोण पुढे याचा निकाल प्रत्येक हालचालीला बदलतो.

मी कवेलूंखाली बांबूच्या कामट्यांचा थर काढला होता, आणि हौसेने त्याला जवळजवळ कवेलूंचीच उंची दिली होती. खऱ्या छपरीत कामटी खाली असते आणि कवेलू तिच्यावर बसतं. गवंड्याला हे सांगावं लागत नाही. कवेलूंचा थर २० मिलिमीटर वर उचलला, चमचम थांबली. तेव्हापासून पहिला प्रश्न मी स्वतःला हाच विचारते, की खऱ्या घरात इथे काय कशाच्या वर आहे? भिंतीवर फोटोफ्रेम, फरशीवर गालिचा, दारावर कडी, सगळीकडे दोन-पाच मिलिमीटर सोडते.

८. फोटो केवढा आहे ते डोळ्यांनी ठरवू नये.

मोबाइलचा फोटो ३ एमबीचा आहे म्हणून हलका वाटतो. पण तो ३ एमबी गाठोडं बांधलेलं असताना. ग्राफिक कार्डाला तो सोडून, पसरून ठेवावा लागतो: ४००० गुणिले ३००० बिंदू, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे ४८ एमबीच्या आसपास. त्यात लांबून पाहण्यासाठी त्याच फोटोच्या अर्ध्या, पाव, त्याहून लहान प्रती करून ठेवतात (१९८३ साली लान्स विल्यम्सने मांडलेली मिपमॅपची पद्धत), त्यांचा आणखी तिसरा हिस्सा. एकूण ६४ एमबी. मी अशा ११ फोटोंनी घर सजवलं होतं, म्हणजे ७०० एमबी, आणि माझ्या लॅपटॉपला स्वतःची अशी ग्राफिक मेमरी जेमतेम. कधी एक भिंत धूसर यायची, कधी फरशी पांढरी, दर वेळी वेगळी. दर वेळी जागा बदलणारा बिघाड दिसला की मी आता आधी मेमरीवर संशय घेते.

फोटो १०२४ गुणिले १०२४ केला की प्रतींसकट पाच-साडेपाच एमबीत मावतो. छपरासाठी तेवढा पुरतो. ५१२, १०२४, २०४८ असे दुपटीतले आकडे ठेवावेत, जुन्या कार्डांना ते मानवतात. २०४८ मी फक्त डोळ्यांसमोर येणाऱ्या एखाद्या भिंतीला देते.

९. लॅपटॉप चार्जरला आहे ना, पाहावं.

हसू नका. पुष्कळ लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक कार्डं असतात, एक साधं आणि एक ताकदीचं, आणि बॅटरीवर गेला की तो काटकसर म्हणून साध्यावर सरकतो. आमच्याकडे दुपारी लाइन गेली की माझं घर बिघडायचं आणि आली की सुधारायचं. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन त्या एका प्रोग्रामला ‘हाय परफॉर्मन्स’ नेमून द्यावं. आणि मे महिन्यात, ४५ अंशांत, टिनाखालच्या खोलीत भर दुपारी रेंडर, म्हणजे पक्कं चित्र काढायचं काम, लावू नये. मी पहाटे लावते. लॅपटॉपच्या खाली दोन विटा ठेवते, हवा खेळते.

१०. फोटो स्वतः काढावा, आणि ढगाळ दिवशी काढावा.

सॉफ्टवेअरसोबत येणारी कौलं आमची नसतात. बहुतेक मंगलोरी घाटाची असतात, सपाट, खाचेची, एकसारखी. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना घातला, त्या वंशातली. आमच्याकडचं देशी कवेलू कुंभाराच्या हातचं, अर्ध्या नळीसारखं, एका टोकाला निमुळतं. एक पालथं, एक उताणं असं बसवलेलं. दोन कवेलू सारखे निघाले तर नवल.

म्हणून मी शिडी लावून काकाजींच्या छपरीवर चढले. पहिले फोटो दुपारी बाराचे. पडद्यावर ते छप्पर भयाण दिसलं: सूर्य मी पूर्वेला ठेवला होता आणि प्रत्येक कवेलूची सावली फोटोतच भर दुपारची पडलेली. फोटोतली सावली पुसता येत नाही. पुन्हा चढले, या वेळी अवकाळीचं आभाळ आलेलं, उजेड सगळीकडून सारखा. मोबाइल छपराच्या उताराला समांतर धरायचा, तिरका नाही. झूम नाही. फ्लॅश नाही. शेजारी एक फूटपट्टी ठेवायची, म्हणजे फोटोत किती फूट जागा आली ते नंतर कळतं. स्वतः चढता आलं नाही आणि दुसऱ्याकडून फोटो मागवावा लागला, तर तो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावा, नाहीतर वाटेत त्याचा रस निघून जातो.

मातीच्या भिंतीसाठी मी सेवाग्रामला गेले होते, बापू कुटी पाहायला. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हाची ती मातीची, कवेलूंची घरं. आत भिंतीवर मीराबेननी मातीतच उठाव काढले आहेत, ताडाची झाडं, चरखा. बाजूने उजेड आला की त्यांची कड दिसते. संगणकात असा उठाव फसवून दाखवता येतो. जिम ब्लिन याने १९७८ साली बंप मॅपिंग मांडलं, सपाट पृष्ठभागावर उजेड असा वळवायचा की सुरकुत्या असल्याचा भास व्हावा. गंमत म्हणजे त्याच वर्षी, जानेवारीत, विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला येऊन त्या कुटीविषयी बोलून गेला होता. एकीकडे खऱ्या मातीचं कौतुक, एकीकडे खोट्या मातीचा शोध. बंप मॅप मी वापरते, पण एक लक्षात ठेवते: कडेने पाहिलं की भास संपतो. छपराच्या वळचणीला कवेलूंची टोकं गोल दिसायची असतील तर ती खरीच काढावी लागतात. मी पहिली ओळ खरी काढली, बाकीचं छप्पर फोटोवर भागवलं.

११. दाखवायच्या आधी म्हाताऱ्या माणसाला दाखवावं.

आठव्या दिवशी सगळं जमलं. लाल छप्पर, शांत, धूसर नाही, काळं नाही. लॅपटॉप घेऊन मी काकाजींच्या घरी गेले. आजी छपरीतच खाटेवर बसलेल्या. चष्मा पुसला, पडद्याच्या अगदी जवळ आल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बोट टेकवलं.

“पोरी, हे कवेलू फुटलं आहे.”

“हो आजी, तुमच्याच छपराचा फोटो आहे.”

“मंग हे पाय. अथीबी फुटलं. अथीबी. अथीबी. सारखं तीन हातावर.” त्यांनी बोटाने पडद्यावर रांगच मोजली. “वांदरं येते आमच्या घरावर, पण थे का मोजून पाय ठेवते?”

काकाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र शरमले. फोटो चारी बाजूंनी जोडताना सांधा दिसू नये म्हणून मी जिम्पमध्ये चित्र अर्धं सरकवून मधल्या फुल्या पुसल्या होत्या, तो सगळा सोपस्कार केला होता. सांधा कुठेच दिसत नव्हता. पण टवका उडालेलं एक कवेलू, शेजारी शेवाळाचा डाग, आणि दर साडेचार फुटांवर तेच. प्रोग्रामच्या दृष्टीने तिथे चूक काहीच नव्हती, म्हणून आठ दिवसांत माझ्या नजरेला ते आलं नाही.

आता मी फोटोत निदान आठ-दहा फूट जागा घेते. नजर खिळवणारं जे काही असेल, टवका, डाग, पिंपळाचं रोप, ते आधी पुसते. आणि एकाच छपराला तीन फोटो आलटूनपालटून लावते. त्या दिवशी रात्री बसून सगळे टवके पुसले आणि दुसऱ्या दिवशी परत दाखवायला गेले. आजींनी पाहिलं, मान हलवली आणि म्हणाल्या, “एक राहू दे. थ्या कोपऱ्यात. तिथून गळते.”

ठेवलं.

१२. चित्रातली फरशी गवंड्याला देऊ नये.

दुकानदार दोन बाय दोन म्हणतो, ती टाइल असते ६०० मिलिमीटरची. दोन फूट म्हणजे ६०९.६. सॉफ्टवेअरमध्ये मी दोन फूट लिहिलं की १२ फुटांच्या खोलीत सहा टाइल बरोब्बर बसतात, एकही कापावी लागत नाही, चित्र देखणं. प्रत्यक्षात सहा टाइल ३६०० मिलिमीटर भरतात आणि खोली ३६५७. सांधे धरले तरी भिंतीकडेला पावणेदोन-दोन इंचांची पट्टी उरते, जी कोणालाच नको असते. एका घरात मिस्त्रीने मला फोनवर याबद्दल जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. टेक्स्चरचं माप आता मी खोक्यावरचं वाचून मिलिमीटरमध्येच घालते, आणि पट्टी चित्रात दिसू देते. लोक विचारतात हे काय, मग तेव्हाच ठरतं ती दाराआड घ्यायची की दिवाणाखाली.

काकाजींचं मागचं घर जूनपर्यंत जोत्यावर आलं. छपरी जागेवर आहे, कवेलू फेरून घेतले, फुटके काढले. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. जुनी मातीची कवेलू पाणी पिऊन ओली झाली की रंग बदलतात.

“बेटा, बाहेर येऊन पाय जरा,” ते म्हणाले, “छप्पर तुह्या कम्प्युटरवानी काळं झालं.”